पुणे ते स्टुटगार्ट, व्हाया अरबी समुद्र

धाकटी बहीण रेवा जर्मनीत, तिचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं आणि आईला तिच्यापाशी पोहोचवायचं काम माझ्याकडे. आयटीत मी प्लॅनिंगच करतो, त्यामुळे कोथरूडच्या दारापासून स्टुटगार्टच्या दारापर्यंतचा तक्ता एका बैठकीत तयार झाला. त्यात नळस्टॉपचा सिग्नल होता, येरवड्याची कोंडीसुद्धा होती.

"आणि विमानालाच उशीर झाला तर?" आईनं विचारलं.

"अगं आई, आकाशात ट्रॅफिक लागत नाही."

पंधरा दिवसांत सीमेवरचं वातावरण तापलं आणि पाकिस्ताननं त्यांचं आकाश विमानांसाठी बंद केलं. विमान कंपनीतून फोन आला. "सर, फ्लाइट लांबच्या मार्गानं जाईल. आपल्याला हवं तर तीन दिवस आधीचं, शुक्रवारचं तिकीट देतो, जादा पैसे नाहीत." मी गॅलरीत जाऊन बोललो. शुक्रवारीच आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं आणि डॉक्टरांनी रेवाला दिलेली तारीख अजून बारा दिवस लांब होती. "नको, आमचं सगळं बसतंय," असं ठासून सांगितलं. आईला यातलं काहीच सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी लोहगाव विमानतळ. दीड तास हाताशी ठेवून निघा. धावपट्टी हवाई दलाची आहे, फोटोचा मोह टाळा. त्या दिवशी तर कुणी मोबाइल नुसता वर धरला तरी जवान टक लावून बघत होता. आईच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता. तो सामानात टाकायला ती काही तयार नव्हती.

दिल्लीहून दुपारी फ्रँकफर्टचं विमान सुटलं. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात ते पश्चिमेला जायचं सोडून खाली गुजरातकडे वळलं.

"हा परत पुण्याला निघालाय का?" आई म्हणाली. "मग आपल्याला गच्चीवरूनच उचलायचं होतं की!"

शेजारी अमृतसरकडचे एक सरदारजी आजोबा होते. "हमारे गाँव से लाहौर की बत्तियाँ दिखती हैं जी," ते म्हणाले, "और जहाज़ समुंदर घूम के जा रहा है." आईनं त्यांना एक लाडू दिला. दोन्ही सरकारांवर दोघांनी मनसोक्त तोंडसुख घेतलं. मी अजून निर्धास्त होतो, मेथीचे ठेपले खात होतो.

फ्रँकफर्टला उतरून फोन चालू केला, तर रेवाच्या नवऱ्याचा निरोप: कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात आलोय. विमानाला उशीर झाल्यानं स्टुटगार्टची आमची रेल्वे निघून गेली होती. स्वस्तातलं तिकीट त्याच एका गाडीला चालतं, हे लक्षात ठेवा. थोडे जास्त मोजा, पण कुठल्याही गाडीला चालणारं घ्या. पुढची गाडी दोन तासांनी होती. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो असताना फोन वाजला. मुलगा झाला होता. रेवा दमलेल्या आवाजात म्हणाली, "आई, तुझा हात हवा होता गं." आई नुसती "आलेच हं, आलेच" म्हणत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

स्टुटगार्ट सुंदर आहे. टेकड्यांवर द्राक्षमळे, ट्राम वेळेवर, बेकरीतला ब्रेड एकदा खावाच. पण त्या शहराबद्दल मी याहून जास्त सांगू शकत नाही. आईला तिथे ठेवून मी आठवड्यात परतलो, ती तीन महिन्यांनी आली. आणि ते शुक्रवारचं रिलीज क्लायंटनं ऐनवेळी पुढे ढकललं होतं.

ती आल्यावर महिन्याभरानं पेपरात बातमी आली, पाकिस्ताननं आकाश उघडलं. आईनं ती चहा पिता पिता मोठ्यानं वाचली. नातू तोवर पालथा पडायला लागला होता. मला राहवलं नाही. आधीच्या तिकिटाचा तो फोन, माझं नको म्हणणं, सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "गॅलरीतलं स्वयंपाकघरात ऐकू येतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तिनं पेपराची घडी घातली. "तू म्हणालास ना, आकाशात ट्रॅफिक लागत नाही. मला खरं वाटलं."