घटापुढचा थरकाप

“हे अंगात येणे नव्हे आणि वेडही नव्हे,” डॉक्टर काकूला म्हणाले. “याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात.” रोज दारू घेणाऱ्याची दारू एकाएकी थांबली, की हात कापतात, घाम सुटतो, नसलेले दिसू लागते, वेळीच उपचार न झाले तर माणूस दगावतो, असे त्यांनी समजावले. मी काकांच्या खाटेच्या पायथ्याशी उभी होते.

दरवर्षी नवरात्रात घटापुढे आजोबा बसत. ते वारल्यावर यंदा काका बसले. नऊ दिवस उपास, आणि उंबरा ओलांडायचा नाही. लवकरच त्यांचे हात थरथरू लागले. मग ते भिंतीशी बोलू लागले.

काकांच्या अंगात देवी आली असे समजून भवानी पेठेतल्या बायका ओटी घेऊन आल्या. एकीने लेकीच्या लग्नाचे विचारले. काका म्हणाले, “आधी मुंग्या झाडा.” तिने त्याचाही अर्थ लावला. मला तो ताप वाटला.

“आई आलीया की,” शेजारच्या गंगूबाई म्हणाल्या. “पानी बी देऊ नगा, इटाळ हुईल.” कोणी पाणी दिले नाही. काकांना आकडी आली तेव्हा मात्र टांगा बोलावला.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, पूर्वी फेफरे येत असे का? डोक्याला मार लागला होता का? काही नशा करतात का? प्रत्येकाचे औषध वेगळे, म्हणून विचारतो, असे ते म्हणाले.

“देवीच्या मानसाला असलं इचारता व्हय, डाक्टरसाहेब?” सोबत आलेल्या गंगूबाई म्हणाल्या.

काकू सगळ्यांदेखत म्हणाली, “रोज घेतात. घट बसल्यापासून थेंब नाही.”

गंगूबाई उठून गेल्या.

काकांना झोपेचे औषध आणि चमच्याचमच्याने पाणी सुरू झाले. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिलो. एका सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि घटाचा दिवा कोण पाहते म्हणून विचारले. “लागलाय. तुम्ही पडून राहा,” काकू म्हणाली.

काका पुन्हा पिणार नाहीत असे मी लिहिणार नाही. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण काकू बोलली म्हणून त्यांना आजार ओळखता आला. ज्यांच्या घरी असे घडेल त्यांनी डॉक्टरांपासून काही लपवू नये.

काका शुद्धीवर आले त्या दिवशी दुपारी गंगूबाई पेज घेऊन आल्या. भांडे खाली ठेवून हळूच म्हणाल्या, “आमच्या घरात बी हाय त्ये पिनं. कुनाला बोलले न्हाय.”

काकूने सरकून त्यांना बाकावर जागा करून दिली.