नाखवा चौथ्या मजल्यावर

माळावर शेळ्या वळून घरी आलं की धोतराला कुसळं चिकटलेली असत्यात. कुठल्या गवताची, कधी चिकटली, काय सांगता येत नाय. किस्से बी तसेच. गारखेड्यातल्या ह्या बिल्डिंगच्या गेटवर मी वॉचमन, शेजारी सलीमभाईचं इस्त्रीचं टेबल. धर्मा नाखवा आला तवापासून तर आमच्या अंगाला लईच कुसळं चिकटली.

नाखवा म्हणजे कोकणातला, स्वतःची होडी असलेला कोळी. समुद्र पुढची घरं खात खात त्याच्या अंगणापर्यंत आला, म्हणून वाळूजला कंपनीत असलेला त्याचा नितीन बापाला इकडं घेऊन आला. आई आली नाय. हिराबाय म्हणाली, "घर रिकामं दिसलं की दर्या आत येतो. मी इथंच बसते."

* * *

पहिल्याच दिवशी नाखव्यानं विचारलं, "तुमचं शहर किती उंच?"

सलीमभाई शर्टावरची नजर न काढता म्हणाला, "चौथा माला है, चाचा. और लिफ्ट बंद है!"

नाखवा हसला नाय. सगळे जिने चढून गच्चीवर गेला, चारी दिशांना बघून खाली आला. म्हणाला, "दिसत नाय."

काय, ते आम्ही विचारलं नाय.

* * *

एक दिवस त्याची सून सुलभा खाली माझ्याकडं आली. "मामा, जरा बाबांना समजवा! आज अमावस्या म्हणून पिठाचा डबा, चपला, पोरीचं दप्तर, सगळं पलंगावर चढवलंय. झोपायचं कुठं?"

मागनं नाखवा आलाच. "अगो, आमुशा-पुनवेला उधाण येतं. पाणी घरात शिरतं."

"बाबा, चौथ्या मजल्यावर? इथं नळाला पाणी यावं म्हणून आठवडाभर वाट बघतो आम्ही!"

नाखवा सुद्धा हसला तवा. पण पुनवेला डबा परत पलंगावर! मी सुलभाला विचारलं, तर म्हणाली, "राहू दे, मामा. तसं केलं की त्यांना झोप लागते."

* * *

मग ती टाकीची गंमत. नळ आला, मोटार कुणी बंद केली नाय, आणि गच्चीवरची टाकी भरून पाणी धो-धो जिन्यानं खाली. बिल्डिंग बादल्या घेऊन धावली. असं फुकट पाणी कोण सोडतं!

नाखवा नातीला खांद्यावर घेऊन दारात उभा. म्हणाला, "मामा, पाणी आलं की वर पळायचं, असं मी ठरवून ठेवलेलं. हे वरनंच आलं! आता पोरीला घेऊन कुठं जाऊ?"

सलीमभाईनं भरलेली बादली खाली ठेवली. नातीला हळूच त्याच्याकडनं घेतलं.

* * *

त्याच्या गावच्या सभेचा किस्सा त्यानंच सांगितला. साहेब रंगीत नकाशा घेऊन आले. म्हणाले, तुमची नातवंडं मोठी होतील तवा हे गाव पाण्यात असंल. टेकडीवर नवी वस्ती करायची झाली तर कशी करायची, तुम्हीच सांगा.

एक म्हातारी उठली. शेजारणीकडं बोट करून म्हणाली, "माझ्या दारासमोर हिचं दार नको. तिथं तरी नको!"

झालं! न मिळालेल्या टेकडीवर, न बांधलेल्या घरांसाठी अंधार पडस्तोवर भांडणं.

"गाव जब डूबेगा तब डूबेगा," सलीमभाई म्हणाला, "झगडा तो सूखा रख लिया!"

आम्ही पोट धरून हसलो. हसू ओसरल्यावर नाखवा म्हणाला, "शेवटी दोघींनी समोरासमोरच दारं मागून घेतली."

* * *

मी एकदा त्याला धीर द्यायला गेलो. म्हणलं, "आम्ही धनगर तर जन्मभर घर सोडतच आलो. पाऊस सरला की मेंढरं घेऊन निघायचं. त्यात काय एवढं?"

"परत येता ना पण?"

"व्हय, येतो की."

"माळ तिथंच असतो?"

मी तंबाखू मळत बसलो.

* * *

रोज दुपारी तो हिराबायला फोन लावायचा. स्पीकरवर, म्हणून आमचा बी कान तिकडंच. एकदा ती म्हणाली, "गणपतीच्या आधी घराला रंग देऊ का?"

नाखवा चिडला. "पुढच्या वर्षी दर्या आत येणार, आणि कसला रंग?"

"मग त्याला बी जरा बरं घर दिसू दे की!"

* * *

ह्या पावसाळ्यात मात्र तिचाच फोन आला. किनाऱ्यावरचं मसणवट समुद्रानं नेलं. शेजारचा म्हातारा वारला, त्याला जाळायला जागा सापडंना, मोठी भरती उतरस्तोवर लोक मढं घेऊन पावसात उभे. सगळं सांगून म्हणाली, "येते मी."

नितीन कामावर होता, म्हणून नाखवा, मी आणि सलीमभाई स्टँडवर गेलो. हिराबाय उतरली, हातात एक पिशवी. सलीमभाईनं रिक्षा ठरवली, "गारखेडा."

"नाय," हिराबाय म्हणाली. "आधी तुमचं मसण दाखवा."

सलीमभाई पटकन म्हणाला, "तौबा! चाची, पहला कदम और वहाँ?" नाखव्यानं रिक्षावाल्याला हातानं खूण केली. रिक्षा तिकडं वळली.

तिनं पिशवी रिक्षातच ठेवली. आत गेली. खाली वाकून मूठभर माती उचलली, दाबून बघितली, सोडून दिली. तिथला राखणदार गडबडून पुढं आला. "कोण वारलं, आजी?"

"कोण नाय. पावसाळ्यात इथं पाणी चढतं का रे?"

"नाय बा. आमच्याकडं पाणी कुठलं?"

हिराबायनं पदराला हात पुसले, रिक्षात येऊन बसली, आणि नाखव्याला म्हणाली,

"चला, आता घर दाखवा."