शेवटचं पान

वहिनी बांधकामावर उंच क्रेन चालवायच्या. जेवणाच्या सुट्टीत वर केबिनमध्येच बसून दर महिन्याचं सुपरहिरोचं कॉमिक चवीचवीने वाचायच्या. या अंकाच्या शेवटच्या पानावर नायक मनोऱ्यावरून कोसळत होता. चित्रकाराने खालची माणसं मुंग्यांएवढी काढली होती, वहिनींना रोज केबिनमधून दिसायची अगदी तशीच. त्या उतरायला उठल्या, पण शिडीकडे पाऊलच वळेना.

त्यांनी वॉकीटॉकीवरून खाली त्याच बांधकामावर फिटर असलेल्या दिराला हाक मारली, "भाऊजी, मला उतरताच येत नाहीये!"

तो धावत वर आला. "मी एक पायरी खाली राहतो. खाली बघू नका, बोलत राहा."

"काय बोलू?"

"त्या पुस्तकातली गोष्ट सांगा."

वहिनी गोष्ट सांगत उतरल्या आणि जमिनीवर मटकन बसल्या.

"मग वाचला का तो?" दिराने विचारलं.

"पुढच्या अंकात कळेल," त्या म्हणाल्या.