खोली नंबर सातचा राजीनामा

लखनौचे नक्वी साहेब आज सकाळी गेले.

आणि माझा राजीनामा अजून त्यांच्याकडेच आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ह्यांचं आर्मीतलं पोस्टिंग लखनौला होतं. क्वार्टर मिळेना म्हणून आम्ही महानगर नावाच्या वस्तीत भाड्यानं राहायचो आणि मी युनिव्हर्सिटीत बॉटनी शिकवायचे. टेम्पररी. दर उन्हाळ्यात नवी ऑर्डर निघायची, किंवा निघायची नाही. त्या नोकरीत माझा जीव होता.

नक्वी साहेब जिऑग्राफीचे. पर्मनंट, पन्नाशीचे, शर्टाच्या खिशाला कायम निळ्या शाईचा डाग.

आम्हा दोघांच्या गळ्यात एक खोली पडली. नंबर सात. तिच्यात स्लाईड प्रोजेक्टर, टीव्ही, व्हीसीआर आणि कव्हर घालून ठेवलेला एक कॉम्प्युटर, ज्याच्या दर्शनाला चपला बाहेर काढून जावं लागे.

दाराला दोन कुलपं. एक चावी त्यांची, एक माझी. खोली उघडायची तर दोघांनी यायचं, असा नियम.

सासूबाईंनी पत्रातून लगेच बजावलं, "भागीचं घोडं किवणानं मरतं, सांभाळ."

मी हसले होते.

ती खोली आठवली की आजही दुपार झाल्यासारखं वाटतं.

जाड हिरवे पडदे. प्रोजेक्टरच्या उजेडात तरंगणारी धूळ. त्यांचा तास आधी असायचा, माझा नंतर. त्यांनी फळ्यावर काढलेली गोमती अर्धीच पुसलेली असायची, आणि माझी स्लाईड भिंतीवरून थोडी फळ्यावर सांडायची.

त्यामुळे मलिहाबादच्या आंब्याचा मोहर कित्येकदा नदीकाठी फुलला.

ते दारात थांबून बघायचे. "मॅडम, मेरी नदी मत पोंछिए. अच्छी लग रही है."

मी पुसायचे नाही. मुलं अर्धवट झोपेत असायची, पंखा संथ फिरायचा, आणि आपण नक्की काय शिकवतोय हे मलाही कधी कधी विसरायला व्हायचं.

अशाच एका दुपारी घात झाला.

लखनौचं व्होल्टेज लहरी. प्रोजेक्टर स्टॅबिलायझरशिवाय लावायचा नाही, हे आम्ही दोघांनी शंभरदा घोकलेलं. त्या दिवशी सकाळी मी कॅसेट दाखवायला स्टॅबिलायझर काढून टीव्हीला लावला. परत लावायला विसरले.

भिंतीवरचा मोहर आधी पांढरा झाला. मग फारच पांढरा.

मग पट्.

जळका वास, अंधार, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "गया."

डीननी बोलावलं. दोघांनाही. "कौन जिम्मेदार है? कल तक लिखकर दीजिए."

बाहेर आल्यावर मी नक्वी साहेबांना खरं सांगून टाकलं. "स्टॅबिलायझर मैंने निकाला था. लगाना भूल गई."

ते आपल्या चावीकडे बघत राहिले. मग अगदी गोड आवाजात म्हणाले,

"घबराइए मत, मॅडम. कल राजीनामा लिखकर दे देते हैं. बात खतम."

मी "अच्छा" म्हटलं आणि रिक्षात बसून घरापर्यंत रडले.

इतका राग आला होता! नोकरी सोडायला सांगायची तीही काय आदबीनं. ह्यांना म्हटलं, "लखनौत हाकलतानासुद्धा 'घबराइए मत' म्हणतात." हे म्हणाले, "मग दे आणि मोकळी हो." त्या संध्याकाळी इंग्लिशमध्ये चार ओळी लिहिल्या. खाली सही केली.

सकाळी खोली नंबर सातच्या दारात कागद त्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"ये क्या है?"

"राजीनामा. आपने ही तो कहा था."

"अरे मॅडम! ये तो इस्तीफा है! राजीनामा तो वो होता है जिस पर दोनों राजी हों."

आणि खिशातून आपला कागद काढला. निळ्या शाईत, हिंदीत:

'कमरा नंबर सात की चाबियाँ दो हैं, जिम्मेदारी एक है. जो भूल हुई, हम दोनों से हुई.'

खाली त्यांची सही होऊन गेली होती. शेजारी माझ्यासाठी जागा.

मी म्हटलं, "पर गलती तो मेरी थी."

"तो मैंने देखा क्यों नहीं? दूसरी चाबी किसलिए है?"

त्यांचं रीडरचं प्रमोशन त्याच महिन्यात अडून होतं, हे मला फार नंतर कळलं. ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मी सही केली.

माझा कागद मात्र त्यांनी घडी घालून आपल्याजवळ ठेवला. "ये मेरे पास रहेगा. कभी सचमुच देना हो, तो मुझसे माँगना पड़ेगा."

त्या उन्हाळ्यात माझी ऑर्डर निघाली. त्यांचं प्रमोशन वर्षभर लांबलं.

पुढे ह्यांची बदली झाली तेव्हा मी चावी द्यायला गेले. ते म्हणाले, "अब दोनों ताले मैं अकेला खोलूँगा? अच्छा नहीं लगेगा." फळ्यावर गोमती होती. अर्धी.

राजीनामा मी मागितला नाही. त्यांनी दिला नाही.

आज दुपारी त्यांच्या मुलीनं, सबानं, फोटो पाठवला. "आंटी, अब्बू की फाइल में ये मिला. आपका है?"

माझं इंग्लिश. माझी सही. आणि कोपऱ्यात निळ्या शाईत एकच शब्द.

नामंजूर.

तीस वर्षं तो शब्द तिथे होता आणि मला माहीत नव्हतं.

नक्वी साहेब, आज तुम्ही आमच्या मराठीतला राजीनामा दिलात.

मला न विचारता. माझी सही न घेता. आपला नियम दोघांचा होता ना?

म्हणून मीही कोपऱ्यात लिहिते आहे.

नामंजूर.

खुदा हाफिज, साहेब.