धुतलेल्या बाटल्या

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे विहिरीवर तीन बाटल्या भरल्या. रविवार होता, नुकतं उजाडलं होतं, विहिरीवर अजून कोणी आलं नव्हतं. मी पोहरा सोडला आणि ओढला. तिनं पदर खोचला, काठावर उकिडवी बसली आणि तिन्ही पांढऱ्या बाटल्या नेहमीसारख्या आधी विसळल्या. आत बोटभर पाणी घालायचं, झाकण लावून खळखळ हलवायचं, बाजूला ओतून द्यायचं. असं दोन-दोन वेळा. मग भरल्या आणि पदरानं बाहेरून पुसून काढल्या.

"तोंडापर्यंत नको भरू, जरा खाली ठेव," मी म्हटलं.

"तुम्ही पोहऱ्याकडं बघा. गेल्या येळी अर्धा माझ्या अंगावर आणलात."

एवढंच बोलणं झालं. बाटल्या तिनं घरात कोनाड्यात ओळीनं ठेवल्या. दुपारी जेवली, छातीत भरून आल्यासारखं होतंय म्हणाली, आणि पडवीत आडवी झाली. शेजाऱ्यानं रिक्षा आणली तोवर सगळं आटपलं होतं. मुलगा मुंबईहून पोचला आणि त्याच रात्री आम्ही तिला नेऊन आलो.

त्या बाटल्या धुवायच्या नव्हत्या. तिला ते नीट ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मला गोष्ट रंगवून सांगता येत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. कारखान्यांच्या वसाहतीत गोण्या उचलण्यात माझी पाठ गेली, आता घरी असतो. आमची वाडी महाडपासून पोलादपूरच्या अंगाला, रस्त्यापासून आत. गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात मुंबईहून दोन मुली आल्या. दोघी पाण्यावर पीएचडी करणाऱ्या. महाडात चवदार तळ्याच्या मागं खोली घेऊन राहायच्या आणि वसाहतीच्या आजूबाजूच्या गावांतून हिंडायच्या. एक अबोल होती, ती नदीपलीकडची गावं करायची. दुसरी उंच, बडबडी, ती आमच्या वाट्याला आली.

"पीएचडी म्हंजे डॉक्टरच ना गो?" आमच्या हिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"हो आजी, पण पाण्याची."

"पाण्याला काय ताप येतो?"

"तेच तर बघायला आलेय."

"मग आमच्या विहिरीला बघ. सुई मारू नको म्हंजे झालं."

पोर हसत सुटली. त्या दिवसापासून तिचा चहा आमच्याकडं.

विहिरींच्या पाण्यात कुठला धातू उतरलाय का, उतरला असेल तर किती, हे ती मोजणार होती. मग साध्यातल्या साध्या वस्तूनं तो काढता येतो का, ते बघणार होती. त्यासाठी तिला नारळाच्या करवंट्या हव्या होत्या. त्या जाळून, कोळसा करून, त्यातून पाणी गाळायचं. हिनं वाडीभर हिंडून पोतंभर करवंट्या गोळा केल्या. लोक चेष्टा करायचे, म्हातारीनं नवीन धंदा काढला म्हणून. हिला त्याचं काही नव्हतं.

आमच्या विहिरीचं पाणी दोन-चार वर्षांपासून बिघडलं होतं. हंड्याला तांबूस कड धरायची, भात पिवळट व्हायचा. कशानं ते मला सांगता येणार नाही, तेच शोधायला पोर आली होती. वाडीनं वरून नळाची लाइन मागितली होती आणि तो अर्ज कुठल्यातरी टेबलावर पडून होता. वर्षभराचा तपास होऊन कागद हातात आला तर लाइनीला जोर येईल, असं सरपंच म्हणायचे.

आता बाटल्यांचं. एका रविवाराआड सकाळी, कुणी पाणी काढायच्या आत, तीन बाटल्या भरून ठेवायच्या. सोमवारी पोर येऊन बर्फाच्या डब्यातून न्यायची आणि नव्या तीन ठेवून जायची. पहिल्या दिवशी ही आत चुलीपाशी चहा करत होती. पोरीनं पडवीत मला बाटल्या दाखवल्या आणि म्हणाली, "आजोबा, यात तळाशी आम्ही औषधाचे थेंब घातलेत. त्यामुळं पाण्यातला धातू पाण्यातच राहतो, बाटलीला चिकटत नाही. म्हणून विसळायच्या नाहीत, तशाच भरायच्या. आणि थेंब हाताला लागू देऊ नका." जाताना फाटकाशी परत म्हणाली, "विसळू नका हां आजोबा." मी मान हलवली. गोण्या उचलताना मुकादमाला हलवायचो तशी.

पहिल्या रविवारी मी विसरलो, हे खरं आहे. तिसऱ्या खेपेला ती विसळत असताना मला आठवलं.

"अगो, ते धुवायचं नाय बोलली होती वाटतं."

"कोण?"

"ती पोर."

"ती पोर आहे. लेकरांना काय कळतंय. आत कायतरी बुळबुळीत हाय, बघा. अशा बाटलीतनं पाणी देऊ मी परक्याला? उद्या बोलंल, म्हातारीच्या घरची भांडीच घाण." आणि वर म्हणाली, "तुम्ही आयुष्यात एक कपबशी विसळलीत का, मला शिकवताय ते?"

मी पोहरा परत सोडला. थोड्या पाण्यानं पाण्याचं काय बिघडणार, असं मनात म्हटलं. आणि खरं सांगायचं तर मला भांडणाचा कंटाळा होता. पन्नास वर्षांत मी तिच्याशी निम्मी भांडणं कंटाळ्यापायीच हरलो.

पण तिच्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. तिचं माहेर आंबेनळी घाटाच्या खाली, पोलादपूरच्या डोंगरात. तिच्या आईच्या वेळी आमच्या लोकांच्या वस्तीतलं पाणी वरच्या वाडीतला माणूस तोंडाला लावत नसे. आईनं तिला एक वळण लावून दिलं होतं: आपल्या हातचं पाणी कुणी मागितलं तर भांडं त्याच्या डोळ्यांसमोर घासायचं, विसळायचं, मग भरायचं. त्यानं बोलायला जागा ठेवायची नाही. पुढं दिवस बदलले, चहा-पाणी सगळीकडं चालू झालं, पण हिचा हात काही बदलला नाही. घरात दिवा-बत्ती, बुद्धवंदना चुकेल, पाहुण्यासमोर तांब्या विसळणं चुकायचं नाही. आणि इथं तर मुंबईची शिकलेली मुलगी आपण होऊन आमच्या विहिरीचं पाणी मागायला आली होती, ते मुंबईला जाऊन यंत्रात घालणार होती. ती बाटली हिच्या हातून न धुता कशी भरली जाणार?

मधे एकदा पोरीला चांगलं पाणी हवं होतं, वसाहतीपासून लांबचं, ताडून बघायला. "माझ्या माहेरच्या झऱ्याचं घे," ही म्हणाली. आम्ही तिघं एसटीनं पोलादपूरला गेलो, तिथून जीपनं घाटाच्या पायथ्याशी, पुढं पायवाट. ही पुढं पुढं चाललेली, दम लागला तरी थांबायला तयार नाही. झऱ्यावर गेल्यावर हात पुढं करून म्हणाली, "आण ती बाटली, विसळून देते." पण पोर तोवर वाकली होती, तिनं स्वतःच भरली आणि थैलीत टाकलीसुद्धा. परतताना हिचं तोंड एवढंसं झालं होतं. पोलादपूरच्या स्टँडवर वडापाव खाल्ल्यावर मग जरा बोलायला लागली.

ती गेली त्या रविवारच्या बाटल्या आमच्याकडच्या शेवटच्याच होत्या, पोरीचं वर्ष भरलं होतं. सोमवारी ती नेहमीसारखी डबा घेऊन आली. दारात माणसं बघून फाटकातच उभी राहिली. नंतर पडवीत येऊन खाली बसली. रडत नव्हती, नुसती डब्याच्या झाकणावरून हात फिरवत होती. मी उठून कोनाड्यातल्या बाटल्या काढून दिल्या. मेव्हणी म्हणाली, "भावजी, आज तरी हे राहू द्या." मी म्हटलं, तिनं भरल्यात, जाऊ देत. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यालाही पोर आली, मागं बसली, जेवून गेली.

मग श्रावणात एका दुपारी ती कागद घेऊन आली. सोबत माझ्यासाठी केळी. पडवीत बसून तिनं मला आकडे दाखवले, मला त्यातलं काय कळणार. मग तोंडानं सांगितलं.

"चांगली बातमी आहे आजोबा. तुमची विहीर ठीक आहे. सगळं मर्यादेच्या आत आहे."

मी कागद उलटा करून बघितला.

"आणि गंमत सांगू? आजींच्या माहेरच्या झऱ्यात लोखंड तुमच्या विहिरीपेक्षा जास्त निघालं. आजी असत्या तर भांडल्या असत्या माझ्याशी."

"भांडली असती," मी म्हटलं.

माझ्यासमोर तांब्या होता. आतून त्याला कड धरलेली, बोटानं खरवडली तर नखात येईल अशी. झऱ्याची बाटली तेवढी हिच्या हातातून सुटली होती, न धुता भरली गेली होती. मला चौथीचं गणित येतं, एवढं मला तिथल्या तिथं कळलं. पोर मात्र आनंदात होती. पुढच्या आठवड्यात हे सगळं तिच्या सरांना द्यायचं, मग छापून येणार. मी केळी आत नेऊन ठेवली आणि तिला रस्त्यापर्यंत सोडून आलो. तोंड उघडलं नाही.

का उघडलं नाही, ते मी त्या दुपारभर स्वतःला विचारत होतो. बोलावं तर मेलेल्या बाईचं नाव येतं. लोक म्हणणार, म्हातारीनं पोरीचं वर्ष धुऊन टाकलं. तिच्या हातच्या स्वच्छतेला जन्मभर कुणी बोट लावलं नाही, आणि आता मी, तिच्या नवऱ्यानं, जाऊन ते सांगायचं.

पोर जाताना एक कागद सरपंचांना देऊन गेली होती. संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. वाडीच्या मुंबईवाल्यांचे अंगठे पडायला लागले. सरपंच येऊन म्हणाले, "काका, बरं झालं का वाईट झालं तेच कळत नाय. आता कुठल्या तोंडानं नळ मागायचा?" तेवढ्यात शेजारची सून कुंपणावरून बोलली. तिचं बाळ सात महिन्यांचं. त्याच्यासाठी ती रोज शाळेजवळच्या बोअरवरून पाणी आणायची, चढावरून, कळशी कमरेवर घेऊन.

"बरं झालं मामा. कंबर गेली माझी चढून चढून. उद्यापासून विहिरीचंच देते त्याला."

"दोन दिवस थांब," मी म्हटलं.

"कागद आलाय की."

"थांब म्हटलं ना. ऐक जरा म्हाताऱ्याचं."

तिला वाटलं मी दुःखानं चिडखोर झालोय. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि पहिली एसटी धरली. गाडी वसाहतीत पाळीला जाणाऱ्यांनी भरलेली. एकानं ओळखून जागा दिली, "दवाखान्यात का?" म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. महाडात उतरून तळ्याला वळसा घालून खोली शोधत गेलो. पोर बाहेर पायरीवर बसून बुटाचा चिखल काढत होती. मला बघून घाबरली.

"आजोबा? बरं आहे ना?"

"बरा हाय. त्या बाटल्या ती धुवायची."

"कोण?"

"म्हातारी. सगळ्या धुवायची. दर खेपेला, दोनदा. मग भरायची."

तिच्या हातातला बूट तसाच राहिला. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणून झऱ्याचं जास्त आलं." आणि लगेच, "वर्षभराचं सगळं?"

"सगळं."

मला वाटलं रडेल, ओरडेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं बूट खाली ठेवला आणि कपाळ पुसलं.

"माझंच चुकलं आजोबा. त्या दिवशी आजी आत होत्या, मी त्यांना सांगितलंच नसणार. असं लोकांवर सोडायचंच नसतं, समोर उभं राहून भरून घ्यायचं असतं. मी सरांना तसंच सांगते, की सूचना दिली गेली नाही."

सूचना दिली गेली नाही. म्हणजे म्हातारी सुटली आणि मीही सुटलो. परतीची गाडी नऊची होती. उठून गेलो असतो तर तिनं रस्त्यापर्यंत पोचवलंही असतं.

"दिली होतीस," मी म्हटलं. "मला दिली होतीस. पडवीत एकदा आणि फाटकाशी एकदा. मी मान हलवली. तिला नीट सांगितलं नाय मी, आणि धुताना बघत उभा राहिलो. सरांना हे सांग. आणि त्या कागदाचं आजच्या आज सरपंचाला फोन करून सांग, आमच्या शेजारी तान्हं बाळ हाय."

मग फोन काढून तिनं आधी सरपंचांना लावला, माझ्यासमोर, उभ्यानं. बोलणं झाल्यावर आत गेली, वही-पेन घेऊन आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"पहिल्या रविवारपासून सांगा," ती म्हणाली. मी सांगायला लागलो.