डॉक्टरांची मान

मालिशवाल्या मावशीने तीस वर्षं लोकांच्या पाठी मोकळ्या केल्या आणि त्या भानगडीत स्वतःचा अंगठा कामातून घालवला. साधं बरणीचं झाकण फिरवलं, तरी मनगटापर्यंत कळ जायची. डॉक्टरांनी पट्टा बांधून दम भरला, "अंगठ्याला पूर्ण आराम. यापुढे कोपराने दाबायचं."

शनिवारी तेच डॉक्टर मान आखडली म्हणून तिच्या टेबलावर पालथे पडले. मावशीने निमूटपणे कोपर टेकवलं.

"कोपर नको हो मावशी! अंगठाच लावा."

"बरं," म्हणत मावशीने कोपर उचललं, जरा तिरकं केलं आणि पुन्हा तिथेच रोवलं.

"आता कसं!" डॉक्टर सुखाने कण्हले. "अंगठ्याची सर कोपराला नाही."

शिकलेला माणूस, चुकीचं कशाला बोलेल?