घागर

पाटबंधारे खात्यात उभी हयात घासली. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसायचो, आमची ही अमावास्येला दारात काही उतरवायला लागली की चिडायचो. तेव्हा तुम्ही मला हसलात तर माझी तक्रार नाही. हे लिहितोय ते घाबरलो म्हणून नाही... लाज वाटते म्हणून.

दुष्काळाची वर्षं होती. आमचं शहर तेव्हा औरंगाबादच म्हणवायचं आणि चहूकडे नुसतं फुगत चाललं होतं – जिथं ज्वारी बघितली तिथं टॉवर, आणि टॉवरखाली टँकर. माझी मुलगी ऋतुजा कॉलेजच्या फिल्म विभागात शिकत होती. तिथं शनिवारी दुपारी फिल्म दाखवायचे आणि मग पाहुण्याबरोबर चर्चा व्हायची. त्या शनिवारी ऋतुजाची स्वतःची फिल्म होती, कन्नड तालुक्यातल्या एका वस्तीतल्या पाणीटंचाईवर.

फिल्म मी घरी आधीच पाहिली होती. त्यात शेवटी सुभद्राबाई नावाची म्हातारी कमरेवरची भरलेली घागर कॅमेऱ्याकडे बघत बघत सावकाश तापल्या दगडांवर ओतते. बस, एवढंच. पण मी रडलो होतो हो! क्रांती चौकातल्या पानवाल्यालासुद्धा त्या शॉटचं वर्णन ऐकवून झालं होतं.

सुभद्राबाई आणि त्यांची सून मंगल फिल्म बघायला एसटीनं आल्या. स्टँडवरून त्यांना आणायचं काम माझ्याकडे. रिक्षात दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हटलं, सासू-सुना आहेत, चालायचंच.

कॉलेजात पोचल्यावर मंगलला वॉटर कूलर दिसला. तिनं पिशवीतून रिकाम्या बाटल्या काढल्या आणि भरायला लागली. ती पाठमोरी होताच म्हातारीनं माझी बाही ओढली.

"सायेब, त्या पिच्चरमधी पाणी सांडलेलं हाय का हो?"

"आहे ना! तोच तर सगळ्यात भारी –"

"म्या सुनंला सांगितलं, घागर निसटली म्हून." आवाज एकदम खाली आला. "निसटली नव्हती. तुमची पोरगी म्हणली, मावशी, वता. म्या वतली. शहरातली पोर, घरी आलेली, नाय कसं म्हणावं? टँकरवर भांडून आणली व्हती मंगलनं ती घागर. तवापासून धड बोलत नाय माझ्याशी. तिला वास लागलाय. आज डोळ्यानं बघंल, सायेब."

ज्या शॉटवर मी गावभर मिरवत होतो, तो असा मिळवलेला होता.

मी तडक ऋतुजाकडे गेलो. ती लॅपटॉप जोडत होती.

"तो घागरीचा शॉट काढून टाक."

"बाबा, आत्ता? लोक बसलेत! अख्खी फिल्म त्या शॉटवर उभी आहे."

"त्या बाईनं सुनेला सांगितलंय, निसटली म्हणून."

तिनं केबल पुन्हा खोचली. मग स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "मी जबरदस्ती नव्हती केली. त्या हो म्हणाल्या होत्या."

तेवढ्यात पुण्याहून आलेले पाहुणे दारात दिसले, विभागप्रमुख लगबगीनं उठले, दिवे मालवले. मी सासू-सुनेच्या मागच्या रांगेत बसलो. शेवटचा शॉट येईपर्यंत मी पडदा बघितलाच नाही, म्हातारीचा पदर बघत होतो. तो तिनं दातात धरला होता.

आणि मग तो शॉट आला. तीच भिंत, तेच ऊन, कमरेवर तीच स्टीलची घागर. सुभद्राबाई कॅमेऱ्याकडे बघतात... घागर निसटली. दगडावर खणकन आदळली. पडद्यावरच्या सुभद्राबाई "अगं बया!" म्हणून खाली बसल्या आणि पळणारं पाणी दोन्ही ओंजळींनी पुन्हा घागरीत भरायला लागल्या.

हॉलमध्ये लोक हळहळले. मी ऋतुजाकडे बघितलं. ती खुर्चीतून उठून उभी राहिली होती. चेहरा पांढराफटक.

पुढच्या रांगेत मंगल सासूकडे वळली. "आत्याबाई... खरंच निसटली की वं." आणि तिनं म्हातारीचा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला.

चर्चेत पाहुणे म्हणाले, "असा क्षण ठरवून घडवता येत नाही, तो मिळावा लागतो." टाळ्याच टाळ्या. ऋतुजानं माइक पाहुण्यांकडेच परत सरकवला. लोकांना वाटलं, काय विनय आहे पोरीचा!

स्टँडवर मंगल सीट धरायला गाडीत चढली तेव्हा सुभद्राबाई माझ्यापाशी आल्या. "सायेब, म्या वतलीच व्हती. ह्याच हातानं." गाडीकडे बघून म्हणाल्या, "आता तसंच राहील ना ते? निसटल्यालं?"

मी म्हणालो, "राहील."

घरी आल्यावर आम्ही दोघांनी तीच फाइल, त्याच लॅपटॉपवर लावली. सुभद्राबाई कॅमेऱ्याकडे बघतात आणि सावकाश घागर ओततात. पुन्हा लावली. ओततात. मग ऋतुजानं मूळ शूटिंग उघडलं. त्यात आवाज आहे, माझ्या लेकीचा, लाडात येऊन माझ्याकडे काही मागते ना, अगदी तसा – "मावशी, ओता ना... थोडं हळू." ऋतुजा तोंड झाकून रडत होती. मला तिला जवळही घेववेना.

हॉलमधल्या ज्यांना ज्यांना विचारलं, त्या सगळ्यांना घागर निसटलेलीच आठवते. फाइलमध्ये ती आजही ओतलीच जाते. इंजिनिअर भाच्याला दाखवलं, त्यालाही काही सांगता आलं नाही. मी तर विचार करणंच सोडलंय. त्या बाईची लाज त्या दिवशी कुणी राखली, मला माहीत नाही. आम्ही नाही राखली, एवढं माहीत आहे.

मंगलचा अधूनमधून फोन येतो. "दादा, आत्याबाईचा पिच्चर पाठवा ना मोबाइलवर. लेकरांना दाखवायचाय." मी म्हणतो, फाइल मोठी आहे, जात नाही.

मागं सुभद्राबाईंचा आवाज येतो, "ऱ्हाऊ दे गं, कामात असतील सायेब."